पंप लावला की कॅम्परची लाइट जाते

प्रश्न : राम राम भाऊ. शिरपूरला राहतो, छोटा कॅम्पर ट्रेलर बनवून घेतलाय, १२ व्होल्टची बॅटरी, एलईडी लाइटी, पंखा आणि पाण्याचा छोटा पंप एवढंच त्यात. तोरणमाळला मुक्कामाला गेलो, संध्याकाळी पंप लावला तशी लाइट मंद झाली, पंखा रडायला लागला आणि मग सगळंच बंद. मीटर लावलं तर बॅटरी १२.६ दाखवते, फ्यूजही उडालेला नाही. दुकानदार म्हणतो बॅटरी गेली, नवीन टाका. टाकू का?

उत्तर : थांबा भाऊ, एवढ्यात पैसे घालू नका. १२.६ म्हणजे बॅटरी भरलेली आहे, पण हा आकडा काहीच चालू नसतानाचा आहे ना, मीटरला करंट जवळपास लागतच नाही त्यामुळे खराब जॉइंटमधूनही तो पूर्ण व्होल्टेज दाखवतो, खरी परीक्षा पंप चालू ठेवूनच होते. आणि तुमचं एकेक नाही, सगळं एकदम गेलं, म्हणजे दोष सगळ्यांच्या सामाईक रस्त्यात आहे : बॅटरी, मेन फ्यूज नाहीतर अर्थ, म्हणजे बॅटरीच्या मायनसपासून ट्रेलरच्या लोखंडी सांगाड्याला (चेसिसला) बोल्टने जोडलेली वायर.

पंप लावा आणि आधी थेट बॅटरीच्या टर्मिनलवर मोजा. तिथे १२ च्या वर टिकलं आणि फ्यूज बॉक्सवर ९-१० च आलं तर बॅटरी निर्दोष आहे. मग मीटरची एक पिन बॅटरीच्या मायनसला, दुसरी चेसिसच्या लोखंडाला लावा, पंप चालूच. जवळपास शून्य यायला पाहिजे. एक-दोन व्होल्ट दिसले तर अर्थचा बोल्ट धरा, माझा पहिला संशय त्याच्यावरच आहे, कारण पुष्कळ ठिकाणी तो रंगावरच आवळलेला असतो आणि वर घाटातले हादरे. हिशोब बघा, जॉइंटला अर्धा ओहम रेझिस्टन्स असला आणि ५ अँपिअर जात असले तर अडीच व्होल्ट तिथेच जातात, जॉइंट गरम होतो ते वेगळंच. हात लावून बघा, चटका बसला तर जागा सापडली. अर्थ ठीक निघाला तर तसंच प्लसच्या बाजूने मोजा, बॅटरीचा प्लस ते फ्यूज बॉक्सचा प्लस. फ्यूज नुसता डोळ्याने बघू नका, त्याच्या दोन्ही पायांवर व्होल्टेज मोजा, होल्डर आतून वितळलेला असला तर बाहेरून कळतच नाही.

दुरुस्ती सोपी आहे. आधी बॅटरीची मायनस वायर सोडा, मग बोल्ट काढून रंग पॉलिश पेपरने घासा, चकचकीत लोखंड दिसेपर्यंत, दातेरी वॉशर टाकून घट्ट आवळा, वरून व्हॅसलीन लावा. फ्यूज मात्र मोठा टाकू नका हो, कोणी कितीही सांगितलं तरी! तो वायर जळू नये म्हणून असतो, मोठा टाकला तर फ्यूजच्या आधी वायरच पेटेल.

आता समजा टर्मिनलवरच १०-११ वर घसरलं, तर खुशाल बॅटरीला दोष द्या. तरी आधी चार्जरवर रात्रभर ठेवून परत मोजा, कारमधून मागे ट्रेलरला येणारी बारीक, लांब वायर प्रवासात तिला पुरतं भरत नाही. आपल्याकडे उन्हाळ्यात पारा ४५ च्या वर जातो, त्यात बॅटरीचं पाणी लवकर आटतं, तेव्हा पाणी टाकायची बॅटरी असेल तर लेव्हल बघून डिस्टिल्ड वॉटर घाला. एवढं करूनही बसली तर नवी घ्या, पण गाडी स्टार्ट करायची नको, घरच्या इन्व्हर्टरला लावतात तशी ट्युब्युलर घ्या.