अलेक्झांडरचा सिकंदर कसा झाला? हे नाव ग्रीक पुराणातलं आहे का?

पुराणातलंच म्हणायला हरकत नाही. जग जिंकायला निघालेल्या अलेक्झांडरच्या कितीतरी आधी ते ट्रॉयच्या राजपुत्राचं नाव होतं. हेलनला पळवणारा तो पॅरिस! (फ्रान्सच्या राजधानीशी याचा काडीचाही संबंध नाही.) होमरच्या 'इलियड' या महाकाव्यात त्याला पॅरिसपेक्षा 'अलेक्झांड्रोस' असंच जास्त वेळा म्हटलंय. अपोलोडोरसच्या नावावर असलेल्या पुराणसंग्रहात त्याची कथा येते. आईला पडलेल्या अशुभ स्वप्नामुळे पोर जन्मताच ईडा डोंगरावर टाकून दिलं, ते गुराख्याने वाढवलं. मोठेपणी त्याने लुटारूंना पिटाळून कळप राखला, म्हणून हे नाव पडलं. 'अलेक्सो' म्हणजे राखतो आणि 'आनेर' (षष्ठीत 'आंड्रोस') म्हणजे पुरुष. ज्याच्यापायी अख्खं ट्रॉय जळालं, त्याचं नाव रक्षणकर्ता!

गंमत म्हणजे भाषाशास्त्रज्ञ 'अलेक्सो'चं नातं संस्कृतमधल्या 'रक्ष्' धातूशी लावतात आणि 'आनेर'चं 'नृ'शी. म्हणजे दोन्ही तुकडे आपल्या ओळखीचे. 'नृपाल' म्हटलं तरी चालेल.

नाव ग्रीकच की आशिया मायनरमधून (म्हणजे आजच्या तुर्कस्तानातून) उचललेलं, अशी शंका काही जण घेतात. कारण इ.स.पू. 1280च्या सुमारास तिथल्या हित्ती साम्राज्याचा राजा मुवातल्ली दुसरा याने विलुसाच्या 'अलाक्सांदु'शी तह केला होता, आणि विलुसा म्हणजेच ट्रॉय असं बरेच अभ्यासक मानतात. पण साधारण त्याच शतकातल्या, ग्रीसमधल्या मायसीनीच्या मातीच्या पाटीवर एका बाईचं नाव 'अ-रे-क-स-द-र', म्हणजे अलेक्झांड्रा, असं आहे. त्यामुळे मला तरी ते अस्सल ग्रीक वाटतं.

आता सिकंदर. अरबीत 'अल' हे नामाआधी लागणारं उपपद. ऐकणाऱ्यांना नावातलं पहिलं 'अल'ही तेच वाटलं आणि ते सुटं पडलं: अल-इस्कंदर. 'क्स'चा उलटून 'स्क' झाला. सुरुवातीचं जोडाक्षर जड गेलं की आपण नाही का 'इस्टेशन' म्हणत, तसंच इथे. कुणी पुढे 'इ' लावून इस्कंदर केलं, कुणी मध्ये 'इ' घालून सिकंदर. फारसीतून ते आपल्याकडे आलं आणि मुसलमान घरांत रुळलं. सिकंदर लोदी तुम्हाला ठाऊक असेलच. सिकंदराबाद मात्र ग्रीक वीराचं नाही, ते निझाम सिकंदर जाहच्या नावाचं.

युरोपात याच नावाची इटालियनमध्ये सांद्रो, हंगेरीत शांदोर, स्कॉटलंडमध्ये अ‍ॅलिस्टर आणि रशियात लाडाने साशा अशी रूपं झाली. सँड्राही त्यातलीच.

फारसीच्या आधीही हे नाव भारतात एकदा लिहिलं गेलंय. अशोकाच्या तेराव्या शिलालेखात यवन (म्हणजे ग्रीक) राजांच्या यादीत 'अलिकसुदर' आहे. तो जगज्जेता नव्हे, तो केव्हाच मेला होता. हा एपिरसचा किंवा कोरिंथचा अलेक्झांडर.