पहिलीचा वर्ग मिळालाय? शेंगांपासून सुरुवात करा

मॅडम, तासगावच्या द्राक्ष-बेदाण्याच्या भागात पहिलीचा वर्ग मिळाला, छानच झालं. सुरुवातीला महागडं शैक्षणिक साहित्य घेऊच नका. एकच वस्तू घ्या आणि आठवडाभर सगळे विषय तिच्यावर चालवा. मी भुईमुगाच्या शेंगा सुचवेन.

प्रत्येकाला मूठभर शेंगा द्या. आधी अंदाज विचारा, मग मोजू द्या. दहा झाल्या की एक ढीग, उरलेल्या सुट्या. दशक-एकक फळ्यावर येण्याआधी असं हाताला कळायला हवं. एखादं पोर दर वेळी एकपासून पुन्हा मोजेल. मोजू द्या, दहाचा ढीग ‘दहा’ म्हणून पटायला वेळ लागतो. शेंग फोडली की टरफल, दाणा, साल हे शब्द आपसूक बोलण्यात येतात. तेच त्या दिवशीचं लेखन. भिजवलेले दाणे ओल्या फडक्यात बांधा, दोन-तीन दिवसांत मोड दिसतील. रोज त्याचं चित्र काढून घ्या.

सुरुवातीच्या हमखास चुका:

- आपणच करून दाखवणं आणि मुलांनी नुसतं बघणं.
- सगळ्या वर्गाला एकदम साहित्य वाटणं. चार-पाच जणांचे गट करा आणि एकेका गटाला वाटा.
- कृती संपली की लगेच पुस्तक उघडणं. ‘काय दिसलं?’ हे विचारायला दहा मिनिटं ठेवाच.

दाणे नाकात जातात, नजर ठेवा. शेंगदाण्याची ॲलर्जी कुणाला आहे का, हे पालकांना आधीच विचारा. असेल तर चिंचोके वापरा.

तराजू-वजनं घेऊन मुलांना तिथले बेदाणे तोलायला लावणं हा मोठा विषय आहे. तो हंगाम आल्यावर बघू.