22 लाख, एकच पतसंस्था आणि टॉवेलचा धंदा

प्रश्न : मी निवृत्त प्राथमिक शिक्षक, वय 61, राहणार सोलापूर. निवृत्तीचे 22 लाख आलेत. पेठेतली पतसंस्था 10.5 टक्के देते, चेअरमन ओळखीचे आहेत. संस्थेचे बहुतेक कर्जदार यंत्रमागवाले. माझ्या मुलाचेही टॉवेलचे माग आहेत, त्याच्या तिथल्या कर्जाला मी जामीन आहे. सगळी रक्कम तिथेच ठेवू का?

उत्तर : गुरुजी, नको. व्याजाचं नंतर बघू. जामिनाचं तुम्ही एका वाक्यात उरकलंय, मला खटकलं ते तेच.

मुलाची कमाई टॉवेलवर. संस्थेची वसुलीही टॉवेलवर. उद्या परदेशातल्या ऑर्डरी थांबल्या तर माग थांबतील, मुलाचा हप्ता थकेल, तसाच आणखी शंभर जणांचा थकेल, आणि नेमके त्याच महिन्यात ठेवीदार पैसे काढायला दारात उभे राहतील. तुमची ठेव अडकेल. जामीन मात्र सुटणार नाही. कर्जाची वसुली चालूच राहते. मुलगा, ठेव, जामीन हे तुम्ही वेगवेगळे धरलेत. खांब एकच आहे.

लांबची आग इथे कशी पोचते? सप्टेंबर 2008 मध्ये न्यूयॉर्कची लेहमन ब्रदर्स ही बडी गुंतवणूक बँक बुडाली. आपल्या बँकांचे तिच्यात फारसे पैसे नव्हते. तरी इथे रोख आटली, निर्यात घसरली, आणि रिझर्व्ह बँकेला एप्रिल 2009 पर्यंत रेपो दर (ती ज्या व्याजाने बँकांना उधार देते तो) 9 वरून 4.75 टक्क्यांवर आणावा लागला. अशा वेळी ज्याच्याकडे पैसा असतो तोही उधार देईनासा होतो. मग बरा चालणारा कारखानाही सूत घ्यायला पैसे नाहीत म्हणून बसतो. देशाच्या विकासदरात हे काही टक्क्यांनी दिसत असेल. पेठेत आधी कामगाराची पाळी जाते, मग त्याच्या मुलीचं कॉलेज सुटतं. ही मुलगी पुन्हा कॉलेजात जाईलच असं नाही, हे तुम्हाला मी काय सांगणार!

आपल्याच सोलापूरच्या लक्ष्मी को-ऑपरेटिव्ह बँकेचा परवाना रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर 2022 मध्ये रद्द केला. ती निदान बँक होती. एका बँकेतल्या सगळ्या ठेवींना मिळून माणशी 5 लाखांपर्यंत, व्याज धरून, विमा असतो (फेब्रुवारी 2020 आधी तो 1 लाखच होता). पतसंस्थेतल्या ठेवीला हा विमा नाही. दारावरच्या ‘शासनमान्य’ पाटीने त्यात काही फरक पडत नाही.

आता व्याज. ज्येष्ठ नागरिक बचत योजनेचा दर 8.2 टक्के धरला, तर 22 लाखांवर फरक वर्षाला 50,600 रुपयांचा. महिन्याला सव्वाचार हजारांच्या आसपास. रक्कम लहान नाही, पण तेवढ्यासाठी मी मुद्दल टांगणीला लावणार नाही.

माझी मांडणी अशी : 15 लाख पोस्टात ज्येष्ठ नागरिक योजनेत. दर तिमाहीला 30,750 हातात येतील. 4 लाख बँकेत मुदतठेव, म्हणजे व्याजासह विम्याच्या आत राहाल. 2 लाख दुसऱ्या बँकेत बचत खात्यात, दवाखान्यासाठी. उरलेला 1 लाख पतसंस्थेत ठेवा. चेअरमनसाहेबांशी रोज गाठ पडते, संबंध तोडायचे नाहीत.

आणि तो लाख भरायच्या आधी संस्थेचा अहवाल मागून थकबाकीचं पान वाचा. मुलाचं कर्ज नव्याने करायची वेळ आली, तर तुमच्याऐवजी मागांचं तारण चालेल का, हेही त्याच भेटीत विचारून घ्या.