जुन्या प्लांटमध्ये ठेकेदाराकडे वेल्डिंग केलं, आता दम लागते. ॲस्बेस्टॉसमुळे असेल का, भरपाई भेटते का?

भाऊ, असू शकते. वेल्डिंगपेक्षा जुन्या स्टीम पाइपवरचं ते पांढरं लॅगिंग (उष्णता अडवाले गुंडाळलेलं आवरण) हातोडीनं फोडताना उडते तो भुकटा जास्त घातक, अन् ठिणग्या अडवाले वापरत ते ॲस्बेस्टॉसचं कापडही तसंच. आजार 10 ते 40 वर्षांनी दिसते म्हणून काम सुटलं तरी तपासा, अन् बिडी आजच सोडा, दोन्ही मिळून फुफ्फुसाच्या कॅन्सरचा धोका लय वाढते.

नागपूरच्या मेडिकलमध्ये (सरकारी मेडिकल कॉलेजच्या दवाखान्यात) छातीच्या डॉक्टरले दाखवा, कोणतं काम केलं ते केसपेपरवर लिहूनच घ्या, पुढं सगळं त्याच कागदावर चालते.

ॲस्बेस्टॉसिस, म्हणजे ॲस्बेस्टॉसच्या धुळीनं होणारा फुफ्फुसाचा आजार, कायद्यानं व्यावसायिक आजार आहे. पगारातून ईएसआयसी (कामगार विमा) कापली जात असेल तर दावा तिथंच, नसेल तर भरपाईचा अर्ज, अन् ठेकेदार पळाला तरी मूळ मालकावर जबाबदारी येते हे कोणी सांगत नाही. सुप्रीम कोर्टानं 1995 मध्ये अशा कामगारांचे आरोग्याचे रेकॉर्ड 40 वर्षं ठेवाले सांगितलं, ते लेखी मागा. गेटपास, पीएफ पासबुक, सोबतच्या गड्यांचे जबाब जमवा. मुदत असते, निदान झालं की लगेच तालुक्याच्या विधी सेवा समितीत जा, पात्र असाल तर वकील फुकट भेटते.