नांदूर मधमेश्वरला खासगी जेटी: ठेव मोडावी का?

निफाड तालुक्यातल्या एका द्राक्ष बागायतदार दादांचा प्रश्न आहे. गोदावरीवरच्या नांदूर मधमेश्वर बंधाऱ्याच्या फुगवट्याला लागून त्यांचं शेत आहे. पक्षी बघायला येणाऱ्यांसाठी बांधापासून पाणथळीतून खोल पाण्यापर्यंत जेटी बांधायची आणि बोट चालवायची. खर्च २३ लाख. २ लाख ठेकेदाराला उचल म्हणून दिलेत, ९ लाख मुदत ठेव मोडून आणि १२ लाख कर्ज काढून उभे करायचेत. ठेव मुलीच्या शिक्षणाची आहे, ते तीन वर्षांवर आलंय.

दादा, नका करू.

आधी जमिनीचं बघू. पाणी उतरलं की उघडी पडणारी गाळपेराची जमीन आपलीच वाटते, आजोबांनीही तिथे हरभरा केलेला असतो. पण धरणाचं बुडीत क्षेत्र सहसा सरकारनं संपादित केलेलं असतं. सातबारा काढा, हद्द कायम मोजणी करून घ्या. जेटी तुमच्या गटाबाहेर गेली, तर २३ लाख दुसऱ्याच्या जागेत रोवल्यासारखे आहेत. ती तारण ठेवता येणार नाही, उद्या शेत विकलंत तर तिची किंमतही मिळणार नाही.

तुम्ही लिहिलंय की २०१७ च्या पाणथळ नियमांत जेटीला सूट आहे. खरं आहे, पूरपातळीपासून ५० मीटरच्या आत कायमस्वरूपी बांधकामाला बंदी घालताना बोटजेटी वगळली आहे. पण त्याच नियमांत असंही आहे की वन्यजीव संरक्षण कायद्याखालच्या क्षेत्रातल्या पाणथळींना हे नियम लागूच होत नाहीत. नांदूर मधमेश्वर १९८६ पासून अभयारण्य आहे. म्हणजे तुम्हाला सापडलेली सूट तुमच्या कामाची नाही. तिथे तोच १९७२ चा वन्यजीव कायदा चालतो, आणि त्याच्या कलम २९ प्रमाणे अधिवासाला धक्का लावणाऱ्या कामाला परवाना मिळायचा तर ते वन्यजीवांच्या भल्यासाठी लागतं, असं सरकारला पटावं लागतं. तुमची बोट यात बसवून दाखवणारा वकील फी मात्र नक्की घेईल. २०२० मध्ये राज्यातली पहिली रामसर जागा (आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ) म्हणून नाव झालं, तेव्हापासून गिऱ्हाईक वाढलं हे तुमचं निरीक्षण बरोबर आहे. पण नजरही वाढली.

समजा, परवाना मिळालाच. १२ लाख, १२ टक्के, पाच वर्षं: हप्ता साधारण २६,७००, वर्षाला ३ लाख २० हजार. तुमच्याच अंदाजानं शनिवार-रविवार मिळून ४० माणसं, माणशी २०० रुपये. नोव्हेंबर ते फेब्रुवारी १७ आठवडे धरले तर १ लाख ३६ हजार होतात. यातून नावाडी, लाइफ जॅकेट, डिझेल आणि डागडुजी जायची आहे. हप्ता दर महिन्याला, द्राक्षाचा पैसा मात्र वर्षातून एकदा. शिवाय पक्ष्यांचा हंगाम तोच तुमच्या बागेतल्या डिपिंग-थिनिंगचा (घड संजीवकात बुडवणं, मणी विरळ करणं). बोट बघणार कोण? वहिनी?

शंभर वर्षं जुन्या बंधाऱ्यात गाळ साचून पाणी उथळ झालं, पाणकणीस माजलं, म्हणून तर चक्रवाक आणि थापट्या ही बदकं तिथे उतरतात. तेच पाणकणीस कापून खांब रोवणार आणि वर इंजिन लावणार. ज्यांना बघायला माणसं येतात तेच उठून पलीकडे गेले, तर तिकीट कशाचं? वर जलपर्णी आहेच. आणि २०१९ च्या ऑगस्टमधला गोदेचा पूर तुम्ही माझ्यापेक्षा जवळून पाहिलाय.

९ लाखांच्या ठेवीला हात लावू नका. पर्यटनातच उतरायचं असेल तर अभयारण्याभोवतीच्या पर्यावरण संवेदनशील क्षेत्राच्या अटी आधी विचारा, मग स्वतःच्या गटात दोन खोल्या, घरचं जेवण, दोन-तीन चांगल्या दुर्बिणी आणि पहाटे वाट दाखवणारा गावातला पोरगा, एवढ्यावर सुरू करा. कृषी पर्यटनाची नोंदणीही करून घ्या. पैसा यंदाच्या द्राक्षाचा घाला, कर्जाचा नको.

राहिले उचल दिलेले २ लाख. ‘आता पैसे दिलेत म्हणून पुढे जाऊ’ हे तुमचं वाक्य वाचून मला सगळ्यात जास्त काळजी वाटली. गेलेल्या दोनामागे आणखी एकवीस पाठवायचे नाहीत. ठेकेदाराला याच आठवड्यात लेखी कळवा की काम थांबवा, आणलेल्या मालाचा हिशोब द्या, बाकीचे परत करा. निम्मे मिळाले तरी घ्या. फक्त त्याच्याकडे जायच्या आधी करार काढून परवान्याची जबाबदारी कोणावर लिहिली आहे, ते बघून जा.