वाचकांचे प्रश्न : गव्हाचे खाद्य आणि कोलिस्टिनची भुकटी

प्रश्न : सांवेर मार्गावर आमची ब्रॉयलरची शेड आहे. मका महागल्यामुळे खाद्यात निम्मा गहू घेतला आणि ऊर्जा भरून काढण्यासाठी तेल वाढवले. तेव्हापासून शेडमधील भुशाची गादी ओली राहते व वजन मागे पडते. खाद्यविक्रेते कोलिस्टिन हे प्रतिजैविक मिसळण्यास सांगतात. मिसळावे काय?
— एक वाचक, इंदूर

उत्तर : मुळीच मिसळू नये. अन्नासाठी पाळल्या जाणाऱ्या पशुपक्ष्यांकरिता व त्यांच्या खाद्याकरिता कोलिस्टिनच्या विक्रीवर आणि वापरावर केंद्र सरकारने जुलै 2019 मध्ये बंदी घातली आहे. इतर प्रतिजैविके निष्प्रभ ठरली की रुग्णालयात हेच औषध शेवटचा आधार असते, आणि त्याला दाद न देण्याचा गुण एका जिवाणूतून दुसऱ्यात जाऊ शकतो, हे 2015 मध्ये चीनमधील संशोधनातून उघड झाले. शिवाय आतड्याच्या ज्या दाहाची येथे अधिक भीती असते, तो घडवणाऱ्या क्लॉस्ट्रिडियम या जिवाणूवर कोलिस्टिन चालतच नाही.

आपल्या वर्णनावरून मला पहिला संशय गव्हाचा येतो. गव्हातील अरॅबिनोझायलन हे तंतुमय पदार्थ आतड्यात विरघळून आतला रस चिकट करतात, त्यामुळे पित्त व पाचकरस तेलापर्यंत नीट पोहोचत नाहीत, आणि न पचलेल्या अन्नावर वाढणारे जिवाणू पित्तक्षारही मोडतात. म्हणजे आपण विकत घेऊन घातलेल्या तेलाची ऊर्जा, विशेषतः लहान पिल्लांत, बरीचशी विष्ठेतून गादीत जाते. प्रतिजैविकाने अशा खाद्यावर वजन थोडे सुधारलेले दिसते ते या जिवाणूंना आवर बसल्यामुळे, मूळ चिकटपणा मात्र तसाच राहतो. त्यावर उपाय झायलनेज हे अरॅबिनोझायलन तोडणारे विकर (एन्झाइम) आहे. ते खाद्यात घालावे, गव्हाचे प्रमाण तूर्त बरेच कमी करावे व पुढे टप्प्याटप्प्याने वाढवावे.

तेलाचा हिशेबही तपासावा. मक्याच्या जागी 2 टक्के तेल घेतल्यास किलोमागे सुमारे 100 किलोकॅलरी वाढतात. ऊर्जा वाढली की पक्षी साधारणतः खाद्य कमी खातो, म्हणून किलोमागे 3000 किलोकॅलरी असलेल्या खाद्यात 20 टक्के प्रथिने असतील, तर 3100 ला 20.7 टक्क्यांच्या आसपास हवीत. सोयापेंड व लायसिन (प्रथिनांचा एक घटक) त्या प्रमाणात वाढवले नाही, तर चरबी वाढते आणि मांस वाढत नाही.

ओल्या गादीचे कारण कॉक्सिडिओसिस हा आतड्यातील परजीवींचा रोग, खाद्यातील जास्त मीठ किंवा पाण्याचे गळणारे निपलही असू शकते. मेलेला ताजा पक्षी महूच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात दाखवून घ्यावा. रोग निघाल्यास पशुवैद्यांनी लिहून दिलेले औषध ठरावीक दिवस द्यावे आणि औषध थांबवल्यापासून विक्रीपर्यंतचा औषधबंदीचा काळ पूर्ण पाळावा.