बंदोबस्तात मोडणारे अंदाजपत्रक

नाशिकहून एका महिला पोलीस हवालदाराचे पत्र आले आहे. नाव व ठाणे न देण्याच्या त्यांच्या विनंतीचा मान राखून त्यांच्या पत्राचा सारांश येथे देत आहे.

‘माझी नोकरी 14 वर्षे झाली. पतसंस्थेचा 8,500 रुपयांचा हप्ता कापून हाती 43,600 रुपये येतात. घराच्या कर्जाचा हप्ता 15,600 आणि पोस्टातील आवर्ती ठेव 2,000. यजमान अंबडच्या औद्योगिक वसाहतीत कंत्राटी नोकरीत असून त्यांच्या 19,000 मध्ये किराणा, वीजबिल व सासूबाईंची औषधे भागतात. दर महिन्याला मी 6,000 रुपये शिल्लक टाकायचे ठरवते आणि दर वेळी ती शिल्लक मोडते. ठाणे दैनंदिनीत माझी एकही नोंद चुकत नाही, पण घरखर्चाची वही 12 तारखेला बंद पडते. मागच्या विसर्जनाच्या बंदोबस्तामुळे नऊ वर्षांच्या मुलीचा वाढदिवस हुकला, म्हणून दुसऱ्या दिवशी तिला 9,500 रुपयांची सायकल घेतली. त्या महिन्यात हद्दीतील एका दुकानदाराकडून 15,000 रुपये उसने घ्यावे लागले. यजमान म्हणतात, तुझ्या हातात पैसा टिकत नाही. एका सहकाऱ्याने पतसंस्थेच्या कर्जाला जामीन राहण्याची गळ घातली आहे. माझे नेमके कुठे चुकते?’

ताई, तुमच्या पत्रातील एका आकड्यापासून मी सुरुवात करते, कारण तोच मला सर्वांत अधिक बोचला. दुकानदाराचे 15,000 रुपये आधी परत करा. महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम, 1979 प्रमाणे ज्यांच्याशी आपल्या कामाचा संबंध येतो किंवा येण्याची शक्यता आहे, अशा व्यक्तीकडून शासकीय कर्मचाऱ्याने कर्ज घ्यायचे नसते, आणि सतत कर्जबाजारी राहणे हेही त्याच नियमांना मान्य नाही. हे तुम्हाला ठाऊक नसेल असे मला वाटत नाही. ठाऊक असूनही हात पसरावा लागला, याचेच शल्य तुमच्या अक्षरात दिसते. तो दुकानदार भला माणूस असेल, त्याने व्याजही मागितले नसेल, तरी उद्या त्याच्या दुकानासमोरच्या अतिक्रमणाची किंवा भांडणाची तक्रार तुमच्यापुढे आली, तर तुमची लेखणी क्षणभर अडखळेल, आणि तो क्षण तुमच्या 14 वर्षांच्या नोकरीपेक्षा महाग पडू शकतो.

पैसे कोठून आणायचे, याचे उत्तर तुमच्याच पत्रात आहे. पोस्टातील आवर्ती ठेवीचे किमान 12 हप्ते भरून एक वर्ष झाले असेल, तर जमा रकमेच्या निम्म्यापर्यंत कर्ज मिळते आणि त्यावर ठेवीच्या व्याजदरापेक्षा दोन टक्के अधिक व्याज पडते. तुमचे 20 हप्ते झाले आहेत असे तुम्ही लिहिले आहे, म्हणजे 40,000 च्या वर रक्कम जमा आहे. त्यातून 15,000 सहज उभे राहतील आणि ठेवही मोडावी लागणार नाही. परतफेड रोखीने न करता बँकेतून करा, म्हणजे त्याची नोंद राहील.

आता त्या 6,000 रुपयांकडे येऊ. तुम्ही त्यांना शिल्लक म्हणता आणि ती मोडली की स्वतःला दोष देता. मी तुमच्या पत्रातील वर्षाचे मोठे खर्च एका कागदावर मांडले: दोन्ही मुलांचे शालेय शुल्क 36,000, जूनमधील गणवेश, वह्या-पुस्तके व दप्तरे 9,000, दिवाळी 15,000, घरपट्टी 6,000, दुचाकींचा विमा व दुरुस्ती 6,000. बेरीज 72,000 येते आणि बाराने भागल्यावर महिन्याला बरोबर 6,000 होतात. याचा अर्थ असा की, तुम्ही शिल्लक टाकतच नव्हता. जूनचे आणि दिवाळीचे पैसे आगाऊ बाजूला काढत होता, पण त्यांना नाव दिलेले नसल्यामुळे आणि ते पगाराच्याच खात्यात पडून असल्यामुळे, जो खर्च आधी दारात आला त्याने ते नेले. मग जून उजाडला की पतसंस्थेत कर्ज नवं-जुनं करायचे, म्हणजे नवे मोठे कर्ज काढून जुने फेडायचे, असे आठ वर्षांत तीनदा झाले, आणि आजचा 8,500 रुपयांचा हप्ता त्यातूनच वाढत गेला आहे. तुमच्या हातात पैसा टिकत नाही, हे यजमानांचे म्हणणे मला मान्य नाही. ज्या पैशावर चिठ्ठी नाही तो कोणाच्याच हातात टिकत नाही.

चिठ्ठी हा शब्द मी जाणून वापरला. मी पोलीस लाइनीत वाढले आणि माझे वडील बरीच वर्षे ठाण्यात मुद्देमालाचे काम पाहत असत. जप्त केलेल्या प्रत्येक वस्तूला ते दोऱ्याने जाड कागदाची चिठ्ठी बांधत, तिच्यावर गुन्ह्याचा क्रमांक, तारीख आणि वर्णन लिहीत, गाठीवर लाख वितळवून मोहोर उठवत, आणि त्यानंतर ती वस्तू न्यायालयाच्या आदेशावाचून कोणी हलवत नसे. पगार तेव्हा रोख मिळे. 1 तारखेच्या संध्याकाळी आई तपकिरी पाकिटे त्यांच्यापुढे ठेवी आणि ते त्याच वळणदार अक्षरात लिहीत: ‘जून, शाळा’, ‘दिवाळी’, ‘गावची यात्रा’. पाकीट उघडायचे झाल्यास मागच्या बाजूला दोघांची सही लागत असे. एकदा वडिलांना मित्रासाठी 200 रुपये हवे होते आणि आईने सही केली नाही, तेव्हा ते काही न बोलता पाकीट परत डब्यात ठेवून बाहेर पडले, हे मी दाराआडून पाहिले आहे.

आज पाकिटांऐवजी तुम्ही दोघांच्या नावे दुसऱ्या बँकेत एक बचत खाते उघडा, पैसे काढण्यास दोघांची सही आवश्यक ठेवा, त्याला एटीएम कार्ड घेऊ नका आणि मोबाइलवरील यूपीआयशी ते जोडू नका. पगाराच्या दुसऱ्या दिवशी 6,000 रुपये आपोआप तिकडे जातील अशी सूचना बँकेला लिहून द्या. यजमानांची सही लागणार असल्यामुळे ते बाहेरून बोट दाखवणारे न राहता हिशोबातले भागीदार होतील, आणि मला वाटते, तुमच्या घरात आकड्यांइतकीच याचीही गरज आहे.

हाती येणाऱ्या 43,600 मधून घराचा हप्ता, पोस्टाची ठेव आणि हे 6,000 वजा जाता राहिले 20,000. तुमच्या तीन महिन्यांच्या अर्धवट वहीतून असे दिसते की, दूध, भाजी, पेट्रोल, शाळेची व्हॅन, शिकवणी आणि किरकोळ धरून साध्या महिन्याला तुम्हाला 16,500 लागतात. गणेशोत्सवाच्या महिन्यात मात्र हाच आकडा 22,000 वर गेला. वही बंद पडण्याचे खरे कारण येथे आहे. घरखर्चाचे सर्वसाधारण सल्ले सकाळी नऊला जाऊन सहाला परतणाऱ्या माणसासाठी असतात, पण तुमचा महिना कोणता असेल हे ठाण्याची हजेरी ठरवते. वाकडी बारवेपासून निघालेली विसर्जनाची मिरवणूक संपेपर्यंत उभे राहून पहाटे घरी आलेल्या बाईने डबा करावा, रिक्षा टाळून पायी जावे आणि वर हिशोबही लिहावा, ही अपेक्षा अन्याय्य आहे. त्या दिवसांत मुलांसाठी बाहेरून जेवण येणारच, आणि ते येऊ देणे हा बेशिस्तपणा नव्हे.

म्हणून एकाऐवजी दोन अंदाजपत्रके करा, एक साध्या महिन्याचे व एक बंदोबस्ताच्या महिन्याचे. गणपती, नवरात्र, रामनवमी व त्यानंतरचा रथोत्सव, निवडणूक असे वर्षाला चार महिने बंदोबस्ताचे धरले, तर साध्या आठ महिन्यांत प्रत्येकी 3,500 प्रमाणे 28,000 उरतात आणि बंदोबस्ताच्या चार महिन्यांत प्रत्येकी 2,000 प्रमाणे 8,000 कमी पडतात. हे 8,000 आधीच ‘बंदोबस्त’ अशी चिठ्ठी लावून ठेवले, तर त्या महिन्यात कोणापुढे हात पसरावा लागणार नाही. उरलेल्या 20,000 पैकी पोस्टाचे कर्ज आधी फेडा. रोजची प्रत्येक नोंद लिहिण्याचा हट्ट सोडा. रविवारी खात्यावर किती उरले तेवढा एक आकडा लिहिला तरी पुरे.

सिंहस्थाचा विचार मात्र आतापासून करावा लागेल. ध्वजारोहण 31 ऑक्टोबर 2026 ला आहे आणि मुख्य पर्वण्या 2027 च्या ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये आहेत. 2015 च्या सिंहस्थात तुम्ही रामकुंडावर होता, पण तेव्हा घरी मुले नव्हती. या वेळी रजा बंद असतील, सासूबाईंना दोन मुलांकडे पाहणे झेपणार नाही आणि कदाचित दोन-तीन महिने सोबतीला कोणी ठेवावे लागेल. जून 2027 चे शालेय शुल्कही त्याच्या तोंडावरच येईल. महागाई भत्त्याच्या वाढीची थकबाकी एकरकमी जमा होते, ती येण्याआधीच फ्रिज किंवा सहल यांत मनाने खर्चून टाकू नका; पुढील दोन वेळची थकबाकी पूर्ण सिंहस्थासाठी ठेवा.

जामिनाबद्दल माझे उत्तर स्पष्ट नकाराचे आहे. कर्जदाराने हप्ते थकवले तर जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते, आणि पगारदार पतसंस्थेत ती वसुली थेट पगारातून होऊ शकते. तुमच्या हाती येणाऱ्या रकमेत आणखी एका हप्त्याला जागा नाही. सहकाऱ्याला ‘घरी विचारून सांगते’ असे म्हणत झुलवू नका. स्वतःचेच कर्ज डोक्यावर आहे, असे त्याला एकदाच आणि खरे सांगा.

सायकलीविषयी तुम्ही तीनदा लिहिले आहे. ती परत करू नका आणि तिचा उल्लेख मुलीपुढे हिशोब म्हणून कधीही करू नका. मात्र हुकलेल्या दिवसाची भरपाई वस्तूने करण्याची सवय लागली, तर पोलिसाच्या घरात असे दिवस इतके असतात की कोणताही पगार पुरणार नाही. वाढदिवसासाठी 2,000 रुपयांची वेगळी चिठ्ठी ठेवा आणि दिवस तिलाच निवडू द्या. तारीख विसर्जनाला आली तर तिथीने करा, तीही बंदोबस्तात गेली तर त्यानंतरच्या साप्ताहिक सुट्टीला करा, पण तो दिवस तिला आधी सांगा. माझ्या वडिलांनी माझे कितीतरी वाढदिवस चार-चार दिवस उशिरा केले, आणि त्या दिवशी ते गणवेश न घालता दुपारभर घरी असत, एवढेच मला आज आठवते.

हा कागद यजमानांना रात्रपाळीहून आल्यावर दाखवू नका. सुट्टीच्या दिवशी, मुले खेळायला गेल्यावर दोघे मिळून वाचा. दुकानदाराचे पैसे परत झाले की मला दोन ओळी लिहा. मी वाट पाहते आहे.